रिटायरमेंटनंतरची इनिंग

पावसात खडकवासल्याला कणीस खायला जाता ना? १९०३ मध्ये तिथे पाणी चढलं की आपोआप उघडणारे दरवाजे बसले. ते डिझाइन होतं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं.

वडील लवकर गेले. शिकवण्या घेत बंगळुरात हा मुलगा बीए झाला आणि १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, इंजिनीअर. मुंबई इलाख्यात सरकारी नोकरी लागली, पण सर्वांत वरची खुर्ची इंग्रजांनाच मिळायची. १९०८ मध्ये, पन्नाशीच्या आतच, त्यांनी निवृत्ती घेतली.

संपलं? छे! १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले. १९२३ पासून तोट्यातला भद्रावतीचा लोखंड कारखाना त्यांनी रुळावर आणला. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. १९६२ मध्ये गेले, तेव्हा वयाची शंभरी उलटली होती.

एक गोष्ट मात्र खटकते. मागे ठेवलेल्या समाजांसाठी नोकऱ्यांत राखीव जागा ठेवायला त्यांचा विरोध होता. त्याच वादातून १९१८ मध्ये त्यांनी दिवाणपद सोडलं. जन्मामुळे अडलेली वाट त्यांनी स्वतः पाहिली होती, तरीही!

१५ सप्टेंबरला, इंजिनीअर्स डेला, स्टेटस जरूर ठेवा. पण माणूस पूर्ण वाचून ठेवा.