एका पायाचा फायरमन : एन्रिको तोती

आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांचे रेल्वेशी जुने नाते आहे. रुळांवरच्या नोकरीत क्षणभराची चूक केवढी महाग पडते, हे त्या घरांना वेगळे सांगायला नको. म्हणूनच या रविवारी आम्ही इटलीतील एका रेल्वे कामगाराची जीवनकथा आपल्यापुढे ठेवीत आहोत. त्याचे नाव एन्रिको तोती.

एन्रिकोचा जन्म २० ऑगस्ट १८८२ रोजी रोममध्ये झाला. त्याचे वडील रेल्वेत नोकरीला होते. मुलाला मात्र समुद्राची ओढ होती. कोवळ्या वयातच तो नौदलात भरती झाला आणि १९०५ साली तेथून बाहेर पडला. नंतर तोही रेल्वेत लागला. वाफेच्या इंजिनावर भट्टीत कोळसा टाकणारा तो फायरमन होता.

२७ मार्च १९०८ रोजी रोमजवळच्या कोलेफेर्रो स्थानकात इंजिन पाण्यासाठी थांबले होते. एन्रिको खाली उतरून यंत्राला तेल-वंगण देत असताना अचानक इंजिन हलले. त्याचा पाय घसरला आणि डावा पाय यंत्रात सापडून चिरडला गेला. डॉक्टरांना तो मांडीच्या मुळापासून कापावा लागला. वय होते अवघे पंचवीस. नोकरी तर गेलीच, शिवाय हातात कुबडी आली.

अशा वेळी माणूस घराच्या कोपऱ्यात बसून राहिला असता, तरी त्याला कुणी दोष दिला नसता. एन्रिको मात्र लाकडाच्या वस्तू कोरू लागला, लहानमोठे शोध लावू लागला आणि एका पायाने सायकल चालवायला शिकला. १९११ मध्ये तो त्या सायकलवरून युरोपच्या प्रवासाला निघाला. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, डेन्मार्क असे देश ओलांडत तो थेट उत्तरेकडील लॅपलँडपर्यंत पोहोचला. रशिया आणि पोलंडमार्गे तो १९१२ साली घरी परतला. पुढच्याच वर्षी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून निघून त्याने सुदानच्या सीमेपर्यंत मजल मारली. पुढचा रस्ता धोक्याचा म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याला परत पाठवले.

२४ मे १९१५ रोजी इटली पहिल्या महायुद्धात उतरली. एन्रिकोने सैन्यात घेण्यासाठी पुन्हा पुन्हा अर्ज केले आणि प्रत्येक वेळी ते नाकारले गेले. मग तो सायकल घेऊन स्वतःच आघाडीवर पोहोचला. गणवेश नसल्याने पोलिसांनी त्याला पकडून परत धाडले. तरी त्याने नाद सोडला नाही. अखेर १९१६ च्या सुरुवातीला आओस्ताच्या ड्यूकच्या मध्यस्थीने त्याला स्वयंसेवक म्हणून आघाडीमागच्या कामावर घेण्यात आले. तेथून तो बेर्सालिएरी या पायदळाच्या सायकलस्वार तुकडीत गेला. त्या जवानांनी त्याला आपला मानले. सरकारी कागदोपत्री मात्र तो सैनिक नव्हताच.

६ ऑगस्ट १९१६ हा रविवार होता. त्या दिवशी इझोंझो नदीच्या आघाडीवर मोठी चढाई सुरू झाली. मोनफाल्कोने गावाजवळील ८५ मीटर उंचीच्या टेकडीवर एन्रिकोची तुकडी ऑस्ट्रियन खंदकांवर चाल करून गेली. एन्रिकोला गोळ्या लागल्या. जखमी अवस्थेत त्याने आपली कुबडी शत्रूच्या दिशेने भिरकावली आणि तेथेच प्राण सोडला, असे सांगितले जाते. चौतिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता. पुढे राजाने त्याला मरणोत्तर सुवर्णपदक दिले. हा लष्कराचा सर्वोच्च मान होता, आणि तो मिळाला लष्करात नसलेल्या माणसाला.

कुबडी फेकतानाचे त्याचे चित्र साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर छापले गेले आणि घरोघरी पोहोचले. पुढे काही इतिहासकारांनी त्या हकिकतीच्या तपशिलांविषयी शंका घेतली. २४ मे १९२२ रोजी त्याचे अवशेष रोममध्ये आणून मोठी अंत्ययात्रा काढण्यात आली. ती सान लोरेन्झो या कामगारवस्तीजवळून जात असताना फॅसिस्ट आणि तेथील रहिवासी यांच्यात चकमक उडाली. त्याच वर्षी फॅसिस्टांनी सत्ता घेतली आणि तोतीचे नाव आपल्या प्रचाराला जुंपले. ज्या कष्टकऱ्यांतून तो आला होता, त्यांनाच तो परका वाटावा, हे केवढे दुर्दैव!

आम्हांला युद्धाचा गौरव करायचा नाही. त्याच काळात पोप बेनेडिक्ट पंधरावे हा रक्तपात थांबावा म्हणून सर्व राष्ट्रांना विनवीत होते आणि त्यांचे कुणीही ऐकले नाही. एन्रिको पडला त्या खंदकांच्या पलीकडेही कुणाची तरी मुलेच मरत होती, हे आपण विसरू नये.

मग या जीवनातून आपण काय घ्यावे? आम्हांला वाटते, त्या फेकलेल्या कुबडीपेक्षा त्याची सायकल आठवावी. अपघाताने त्याचा पाय नेला, पण आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी पडू शकतो, हा त्याचा विश्वास शाबूत राहिला. त्याला ती संधी मिळाली, तीही रणांगणावर. आपल्या धर्मग्रामातही अपघाताने किंवा आजाराने घरी बसलेले बंधुभगिनी आहेत. आपण त्यांची आपुलकीने विचारपूस करतो, पण एखादे काम विश्वासाने त्यांच्या हाती सोपवतो का? या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाच्या घरी जाऊन हे विचारून पाहूया.