कीटकाने वाचविलेला कीटकशास्त्रज्ञ

माशी म्हणजे माशीच, असे भाईंदरच्या जेसल पार्कला खाडीकाठी फिरावयास येणाऱ्याला वाटत असेल, तर त्यात त्याचा दोष नाही. आधुनिक वर्गीकरणाचे जनक लिनियस यांनीही १७५८ मध्ये कितीतरी माशा ‘मुस्का’ या एकाच वंशात कोंबल्या होत्या. त्या गर्दीतून ‘स्टिलेटो’ माशीला बाहेर काढले ते पिएर आंद्रे लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने. कट्यारीसारख्या निमुळत्या पोटामुळे तिला हे नाव मिळाले. माणसाला ती चावत नाही. तिच्या वंशाचे ‘थेरेवा’ हे नाव लात्रेय यांनी दिलेले.

लात्रेय यांचा जन्म १७६२ मध्ये ब्रीव्ह येथे झाला. बालपण पोरकेपणात गेले. १७८६ मध्ये ते धर्मगुरू झाले. मन मात्र किड्यामुंग्यांत रमलेले. राज्यक्रांतीनंतर धर्मगुरूंवर राज्यनिष्ठेची शपथ सक्तीची झाली. ती न घेतल्याने १७९३ मध्ये त्यांना अटक झाली. बोर्दोच्या कोठडीत तपासणीस आलेल्या वैद्याला हा कैदी जमिनीवरचा एक चिमुकला भुंगेरा निरखताना दिसला. तो ‘नेक्रोबिया रुफिकोलिस’ असून दुर्मीळ आहे, असे कैद्याने सांगितले. वैद्याने तो बोरी द सँ-व्हँसाँ या निसर्गवेड्या पोराकडे पोहोचविला. पंधरा वर्षांच्या त्या मुलाला लात्रेय यांचे काम ठाऊक होते. त्याच्या खटपटीने त्यांची सुटका झाली. मागे राहिलेले सहकैदी महिनाभरात मृत्युमुखी पडले.

१७९६ मध्ये त्यांनी पदरमोड करून कीटकवंशांवरील ग्रंथ छापला. ‘थेरेवा’ त्यातलाच. ग्रंथात वंशांची लक्षणे होती, पण कोणती जाती कोणत्या वंशात मोडते, हेच नव्हते. उणीव मोठी होती. ती त्यांनीच १८१० मध्ये भरून काढली आणि वंशांना एकेक नमुना जाती नेमून दिली. नव्या नावांच्या लांबलचक याद्यांपेक्षा हे काम मोलाचे, कारण वंशाचे नाव त्यामुळे एका ठरावीक जातीशी बांधले गेले. लिनियस यांची ‘मुस्का प्लेबेया’ हीच आज ‘थेरेवा’ची नमुना जाती आहे. १९२० मध्ये एन्रिको ब्रुनेटी या संगीतकाराने ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत आपल्याकडील स्टिलेटो माशांचे वर्णन केले, तेही ‘थेरेवा’वरून नाव पडलेल्या ‘थेरेविडी’ कुलाखाली.

पॅरिसच्या संग्रहालयात लात्रेय १७९८ पासून राबत होते. प्राध्यापकपद मिळाले ते लामार्क यांच्या मृत्यूनंतर, १८३० मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी. ते जेमतेम तीन वर्षे लाभले. १८३३ मध्ये त्यांचे निधन झाले. पेर लाशेझ दफनभूमीतील त्यांच्या स्मारकस्तंभावर त्या भुंगेऱ्याचेही नाव कोरले आहे.