देवळालीचे गणिती मास्तर : कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

गणितशास्त्रात नाव मिळवावयाचे तर मोठे विद्यापीठ, विपुल ग्रंथसंग्रह आणि विद्वानांचा नित्य सहवास ही तिन्ही अनुकूल असली पाहिजेत, असा सर्वसाधारण समज आहे. धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या अर्जुनी मोरगावसारख्या गावी हा समज अधिकच दृढ होतो. येथील विद्यार्थी बुद्धीने कोणाहून उणा नाही. परंतु एखादे उदाहरण अडले आणि ते कोणापुढे मांडावे हे कळेना की तो वही मिटतो, आणि हा विषय आपल्यासाठी नाही असा आपल्याच मनाशी निवाडा करून मोकळा होतो. अशा विद्यार्थ्यांपुढे कै. कापरेकर मास्तरांचे चरित्र ठेवावे असे आम्हांस फार दिवसांपासून वाटत होते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील पेशाने कारकून. मात्र त्यांना फलज्योतिषाचा मोठा नाद होता. त्या विद्येवर आमची श्रद्धा नसली, तरी तिच्यासाठी करावी लागणारी आकडेमोड मुलाच्या हाती लहानपणीच आली आणि ती त्याला गोड लागली, हे मान्य केले पाहिजे. दत्तात्रय आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. पुढे माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. अंकांची कोडी सोडविण्यात हा मुलगा तासन्तास रमून जाई.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. या स्थळाचे एक वैशिष्ट्य येथे सांगणे अवश्य आहे. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानातील गणितप्रेमींनी एक मंडळ स्थापन केले. तेच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी या नावाने प्रसिद्धीस आले. कोणी मद्रासेस, कोणी पुण्यास, कोणी एखाद्या आडगावी, अशा विखुरलेल्या सभासदांनी परदेशी ग्रंथ व नियतकालिके वर्गणीने आणवावीत आणि टपालाने एकमेकांकडे वाचावयास धाडावीत, हा त्यांचा प्रारंभीचा क्रम. मंडळाच्या मासिकात एकाने प्रश्न घालावा व दुसऱ्याने त्याचे उत्तर पाठवावे, असाही परिपाठ पडला होता. तेव्हा अज्ञात असलेल्या रामानुजनाने १९११ साली याच पृष्ठांवर आपले प्रश्न घातले. या मंडळाचे ग्रंथालय फर्ग्युसन कॉलेजातच होते. गणित हे एकट्याने कुढत बसण्याचे नव्हे, तर दूरच्या माणसालाही सोबतीस घेऊन करावयाचे काम आहे, हे शिकण्यास याहून योग्य स्थळ कोणते? १९२७ साली स्वतंत्र गणितलेखनाबद्दलचे रँग्लर परांजपे पारितोषिक कापरेकरांस मिळाले, आणि १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले.

पदवीपुढील शिक्षण त्यांना लाभले नाही. १९३० साली नाशिकजवळील देवळाली येथे त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली आणि १९६२ साली सेवानिवृत्त होईपर्यंत तेथेच अध्यापन केले. ना प्रयोगशाळा, ना यंत्र. जवळ साधन काय ते कागद, लेखणी आणि एक ते नऊ हे अंक. तेवढ्या भांडवलावर या मास्तरांनी जे व्यवहार केले ते पाहण्यासारखे आहेत.

४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग करून २० व २५ यांची बेरीज केली की पुन्हा ४५ च येतात. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० व २५ मिळून ५५. तसेच २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद असे गोड नाव दिले. १५ मध्ये तिचेच अंक, म्हणजे १ व ५, मिळविले की २१ होतात. म्हणून १५ ही २१ ची जननी. परंतु २० ला अशी जननी शोधू जाल तर सापडणार नाही. अशा स्वयंभू संख्यांना त्यांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या असेही म्हटले. दुसऱ्या एका संख्याकुलाची कल्पना त्यांना जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो स्थानकावर सुचली, म्हणून तिचे नाव डेमलो संख्या. हेच स्थानक आज डोंबिवली या नावाने ओळखले जाते. गोंदियाहून नागभीडकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत आमचे जे विद्यार्थी फलाटावर बसतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. विचाराला स्थानक लहान की मोठे हे कळत नाही.

त्यांची कीर्ती मुख्यतः ६१७४ या संख्येवर उभी आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी, आणि बाकीवर हीच क्रिया पुनःपुन्हा करीत जावे. त्यांच्या जन्माचेच साल घेऊ. १९०५ वरून ९५१० वजा ०१५९, बाकी ९३५१. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. येथे आले की ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. संख्या तेथून हलत नाही. कोणत्याही संख्येला सातांहून अधिक खेपा लागत नाहीत. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला.

हे सर्व संख्यांच्या बाबतीत खरे कशावरून? दहा हजारांच्या घरातील संख्या एकेक तपासण्याचे कारण नाही. पहिली बाकी केवळ दोन गोष्टींवर अवलंबून असते : सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतर, आणि मधल्या दोन अंकांतील अंतर. पहिल्या अंतराची ९९९ पट आणि दुसऱ्याची ९० पट मिळविली की बाकी तयार. पहिले अंतर १ ते ९ असू शकते आणि दुसरे पहिल्याहून मोठे असू शकत नाही. म्हणून अशा बाक्या मोजून ५४ च होतात. एका वर्गातील मुलांनी त्या आपसांत वाटून घेतल्या, तर एका दुपारी संपूर्ण सिद्धता पुरी होईल. एकट्यास कंटाळवाणे वाटणारे काम सोबतीने कसे सुकर होते, याचे हे चांगले उदाहरण होय.

या शोधांचे स्वागत मात्र थंडपणे झाले. हे अंकांचे खेळ आहेत, यात गंभीर गणित नाही, असे अनेक विद्वानांचे मत पडले. रामानुजनास केंब्रिजला नेणारे प्रोफेसर हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात, कापरेकरांना उद्देशून नव्हे, पण अशाच स्वरूपाच्या अंकवैचित्र्यांना गणितात विशेष महत्त्व नाही, असे प्रतिपादन केले. आणि त्यांनी दिलेल्या उदाहरणांत ९८०१ ही संख्या होती. ही ९९ चा वर्ग असून ९८ व ०१ मिळून ९९ होतात, म्हणजे ती कापरेकरांच्याच अंगणातली! हार्डींचा आक्षेप अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. दशमान पद्धती सोडली तर ६१७४ चा हा चमत्कार त्या रूपात उरत नाही, आणि कापरेकरांच्या शोधांनी शास्त्राची दिशा पालटली असाही कोणाचा दावा नाही. प्रश्न एवढाच होता की, विद्वानांनी क्षुल्लक ठरविलेले काम एका शाळामास्तराने पुढे चालवावे की सोडून द्यावे?

त्यांनी ते चालविले. मोठी नियतकालिके घेईनात, तर लहान नियतकालिकांकडे लेख धाडले. काही पुस्तिका तर देवळालीहून स्वतःच छापून काढल्या. न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या पत्रात १९५५ साली ६१७४ वरील त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले. परिषदांना ते जात आणि आपली कोडी जो ऐकेल त्याच्यापुढे मांडीत. अखेर मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव देशोदेशीच्या जिज्ञासूंच्या मुखी झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते.

वार्धक्य सुखाचे गेले असे नाही. १९६६ साली पत्नी निवर्तली. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून त्यांस गणित व विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. १९८६ साली त्यांचे देहावसान झाले. संपत्ती मागे राहिली नाही. त्यांच्या नावाची संख्या राहिली.

शुभवर्तमानात धन्याने दिलेले द्रव्य भयाने जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला आहे. त्याला मिळालेले द्रव्य इतरांहून थोडे होते, हा त्याचा अपराध नव्हता. ते त्याने व्यवहारात घातले नाही, हा होता. कापरेकरांस मिळालेले द्रव्यही थोडेच होते, परंतु त्यांनी ते झाकून ठेवले नाही. कोणी हसेल या भयाने प्रश्न मनात पुरून ठेवणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी यापासून बोध घ्यावा. अडलेले उदाहरण शेजाऱ्यास दाखवावे, वरच्या वर्गातील मुलास विचारावे, शिक्षकांपुढे ठेवावे, आणि आपणांस सुचलेली रीत दुसऱ्यापासून लपवू नये.

याचा आरंभ म्हणून एक काम सोपवितो. चारांऐवजी तीन अंकी संख्या घेऊन कापरेकरांची क्रिया करून पाहा. तीही एका संख्येवर येऊन थांबते. ती संख्या कोणती, आणि तेथे ५४ च्या ठिकाणी किती बाक्या तपासाव्या लागतात, हे दोघा-तिघांनी मिळून शोधावे. उत्तर आम्ही येथे छापीत नाही; ते घेऊन येणाऱ्यांची वाट पाहू.