क्लारा बार्टन बाई व त्यांचें वेतन

रेडक्रॉसची खूण आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. अमेरिकेंत त्या संस्थेची स्थापना करणाऱ्या क्लारा बार्टन बाईंचें रणांगणावरील कार्यही पुष्कळांनीं ऐकलें असेल. परंतु त्यापूर्वीं या बाई बरींच वर्षें शिक्षिका व पुढें सरकारी कारकून होत्या, आणि त्या काळांत वेतनासंबंधीं त्यांना जें सोसावें लागलें त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

क्लारा हिचा जन्म १८२१ सालीं, ख्रिस्तजन्माच्या सणाच्या दिवशींच, मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील नॉर्थ ऑक्सफर्ड या गांवीं झाला. पांच भावंडांत ती सर्वांत धाकटी व अतिशय लाजाळू. तिचा भाऊ डेव्हिड कोठाराच्या छपरावरून पडून अंथरुणाला खिळला, तेव्हां या लहान मुलीनें सुमारें दोन वर्षें त्याची शुश्रूषा केली. पुढें १८३९ सालीं ती शिक्षिका झाली. वर्गांत तिच्याहून थोराड दिसणारे मुलगे असत. ती त्यांच्याबरोबर खेळे व खेळांत मागें पडत नसे, म्हणून छडीवांचूनच तिचा वर्ग शांत राही. फुकट शिकविण्याची वेळ आली तर फुकट शिकवावें, पण वेतन घ्यावयाचें तर त्याच कामाबद्दल पुरुषाला मिळतें त्याहून कमी घेऊं नये, असा तिचा बाणा होता.

त्या बाण्याची कसोटी न्यू जर्सी संस्थानांतील बोर्डेनटाउन येथें लागली. तेथें मोफत शाळा म्हणजे भिकाऱ्यांची शाळा अशी लोकांची समजूत असल्यामुळें कित्येक मुलें रस्त्यांतून उनाडत फिरत. १८५२ सालीं बार्टन बाईंनीं तीन महिने विनावेतन शिकविण्याची तयारी दाखवून शाळा उघडली. पहिल्या दिवशीं सहा मुलगे आले. वर्षभरांत ही संख्या शेंकड्यांवर गेली, आणि गांवानें शाळेसाठीं नवी इमारत बांधली. इतकें झाल्यावर कमिटीनें काय करावें? एवढी मोठी शाळा चालविणें स्त्रीचें काम नव्हे असें ठरवून तिनें एका पुरुषास ६०० डॉलर वार्षिक वेतनावर मुख्याध्यापक नेमलें. बाईंस त्यांच्या हाताखालीं ठेवून २५० डॉलर दिले.

मुख्याध्यापकाची जबाबदारी मोठी, म्हणून त्याला वेतन अधिक, हें तत्त्व मला मान्य आहे; मींही शाळेंतच आयुष्य घालविलें आहे. पण येथें ती जबाबदारी बाई पहिल्या दिवसापासून वाहतच होत्या. त्या कामाला हुद्द्याचें नांव मात्र कोणीं दिलें नव्हतें, आणि नांव दिलें त्याच दिवशीं तें दुसऱ्याच्या हातीं गेलें. बाईंचा आवाज बसला, प्रकृति ढासळली, व १८५४ सालीं त्यांनीं ती शाळा सोडली.

त्याच वर्षीं वॉशिंग्टन येथील पेटंट कचेरींत त्यांना कारकुनाची जागा मिळाली. वेतन १,४०० डॉलर, म्हणजे पुरुष कारकुनाइतकेंच. सरकारी कचेरींत अशा जागीं बसलेल्या अगदीं पहिल्या स्त्रियांपैकीं त्या एक होत. सोबतचे कारकून त्यांच्या तोंडावर तंबाखूचा धूर सोडीत व त्यांच्या चारित्र्याविषयीं कंड्या पिकवीत. कचेरीचे मुख्य चार्ल्स मेसन यांनीं बाईंची बाजू घेतली. परंतु स्त्रियांनीं कचेरींत बसणें वरिष्ठ मंत्र्यांना पसंत नव्हतें. अखेर बाईंना नक्कल करणारीच्या कामावर उतरविण्यांत आलें. दर शंभर शब्दांस दहा सेंट असा भाव होता. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: पूर्वींचे १,४०० डॉलर मिळविण्यास या दरानें चौदा लक्ष शब्द लिहावे लागतील, आणि तेही दौत, टांक व बोटें यांच्या बळावर! १८५७ सालीं सरकार पालटलें व तेंही काम गेलें. लिंकन निवडून आल्यावर १८६० सालीं त्या पुन्हां कचेरींत परतल्या.

पुढील वर्षीं यादवी युद्ध पेटलें. तेथें मात्र बाईंनीं वेतनाचा प्रश्नच काढला नाहीं. औषधें व मलमपट्ट्या गाड्यांत भरून त्या थेट तोफांच्या माऱ्यांत जात. १८६२ सालीं अँटिएटमच्या लढाईंत त्या एका जखमी शिपायाला पाणी पाजीत असतां एक गोळी त्यांच्या बाहींतून आरपार जाऊन त्या शिपायास लागली, व तो जागींच मरण पावला. युद्धानंतर बेपत्ता शिपायांचा शोध लावण्यासाठीं त्यांनीं कचेरी काढली; तींतून ६३,००० हून अधिक पत्रांना उत्तरें गेलीं व सुमारें २२,००० शिपायांचा ठावठिकाणा लागला. हा खर्च त्यांनीं आरंभीं स्वतःच्या पैशानें चालविला. १८६६ सालीं अमेरिकन काँग्रेसनें त्यापोटीं १५,००० डॉलर मंजूर केले.

रेडक्रॉसची अमेरिकन शाखा त्यांनीं १८८१ सालीं स्थापन केली, तेव्हां त्यांचें वय साठीच्या घरांत होतें. १९०४ पर्यंत त्या तिच्या अध्यक्ष होत्या. १२ एप्रिल १९१२ रोजीं मेरीलँडमधील ग्लेन एको येथें त्या प्रभूच्या ठायीं निजल्या. सहा मुलांची ती पहिली शाळा जेथें भरली असें सांगतात, ती विटांची चिमुकली इमारत बोर्डेनटाउन येथें त्यांच्याच नांवानें जतन करून ठेविली आहे.