पहिली सुई स्वतःला

मुलांनो, मुंबईत परळ भागात एक जुनी, भव्य इमारत आहे. पूर्वी तिथे मुंबईचे गव्हर्नर राहत असत. आज ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. रोगप्रतिबंधक लशी आणि सर्पदंशावरील औषध यांच्यासाठी या संस्थेचे नाव सर्वांना माहीत आहे. पण हाफकिन हे नाव मराठी नाही, उर्दू नाही आणि इंग्रजीही नाही. मग ते कोणाचे? दूर देशातून आलेल्या एका ज्यू शास्त्रज्ञाचे. त्यांची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या शहरात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते; आज ते युक्रेन या देशात आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना मेचनिकॉफ यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभले. पण तो काळ ज्यू लोकांसाठी वाईट होता. १८८१ मध्ये त्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरे लुटली गेली. आपल्या लोकांच्या रक्षणासाठी तरुण हाफकिन पुढे आले. ते जखमी झाले, त्यांना अटकही झाली. मेचनिकॉफ यांनी रदबदली केली म्हणून त्यांची सुटका झाली.

शिक्षण संपले, तेव्हा त्यांच्यासमोर एक अट ठेवण्यात आली. धर्म बदला, तरच प्राध्यापकाची जागा मिळेल. हाफकिन यांनी जागा सोडली, धर्म सोडला नाही. १८८८ मध्ये त्यांनी मायदेशाचा निरोप घेतला. पुढच्या वर्षी ते पॅरिसच्या प्रसिद्ध पाश्चर संस्थेत पोहोचले. तिथे एकच जागा रिकामी होती आणि तीही ग्रंथपालाची. त्यांनी ती आनंदाने घेतली. पुस्तके सांभाळून जो वेळ उरे, तो ते प्रयोगशाळेत घालवू लागले.

त्या काळी कॉलरा हा फार भयंकर रोग होता. मराठीत त्याला पटकी म्हणतात, तर उर्दूत हैजा. हाफकिन यांनी या रोगावर लस शोधून काढली. प्राण्यांवर प्रयोग झाले. आता माणसावर प्रयोग करायचा होता. पण कोणावर करायचा? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, अंग दुखले; पण थोड्याच दिवसांत ते बरे झाले. मग काही मित्रांनीही धैर्याने लस घेतली.

कॉलऱ्याने सर्वांत जास्त माणसे भारतात मरत होती. म्हणून १८९३ मध्ये हाफकिन भारतात आले. आग्र्यापासून कलकत्त्यापर्यंत ते गावोगाव फिरले. लोकांना सुईची भीती वाटे. हा परका माणूस आपल्याला विष तर टोचत नाही ना, अशी शंका येई. हाफकिन रागावत नसत. लोकांना विश्वास वाटावा म्हणून ते त्यांच्यासमोर स्वतः लस घेत. भारतीय डॉक्टरांनी त्यांना मोलाची मदत केली. सुमारे अडीच वर्षांत त्यांनी ४२ हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. या धावपळीत त्यांना मलेरिया झाला आणि काही काळ युरोपात परतावे लागले.

ते पुन्हा भारतात आले आणि १८९६ मध्ये मुंबईवर प्लेगचे संकट कोसळले. प्लेग म्हणजे तुमच्या उर्दूतला ताऊन. मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी हा रोग प्रथम ओळखला. बघता बघता तो शहरभर पसरला. लाखो लोक मुंबई सोडून पळाले. सरकारने हाफकिन यांना तातडीने बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढीच सामग्री मिळाली. तेवढ्यावर त्यांनी रात्रंदिवस काम सुरू केले.

ही लस कशी बनत असे, ते पाहा. बकऱ्याच्या मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवले जात. हिंदू आणि मुसलमान या दोघांच्याही भावना जपाव्यात म्हणून गाईचे आणि डुकराचे मांस टाळले होते. रश्शावर तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांना लोंबकळत जंतू भराभर वाढत. मग उष्णता देऊन ते मारले जात. मेलेले जंतू रोग निर्माण करू शकत नाहीत. पण त्यांच्यामुळे आपल्या शरीराला शत्रूची ओळख पटते आणि ते खऱ्या जंतूंशी लढायला तयार होते.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई कोणी घेतली असेल? तुम्ही बरोबर ओळखले. या वेळीही हाफकिन यांनीच घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. त्यांच्यात रोगाचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख सर सुलतान महंमद शाह आगाखान यांनीही मोठे काम केले. त्यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. त्यांचे पाहून हजारो अनुयायी लस घेण्यास पुढे आले. १८९९ मध्ये परळच्या इमारतीत प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली.

पण खरी कसोटी पुढेच होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन तेव्हा शेकडो मैल दूर मुंबईत होते. तरीही ठपका त्यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्याने हजारोंचे प्राण वाचवले, त्यालाच लोक मृत्यूचे कारण समजू लागले.

हाफकिन गप्प बसले नाहीत. त्यांनी आरडाओरडाही केला नाही. त्यांनी पुरावे शोधले. बाटलीत धनुर्वाताचे जंतू आधीपासून असते, तर बाटली उघडताच दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. शिवाय गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट जंतुरहित न करताच तो वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात! जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात हाफकिन यांची बाजू मांडली. मलेरिया डासांमुळे पसरतो, हे सिद्ध करणारे ते हेच रॉस. शेवटी सरकारने हाफकिन यांना पुन्हा कामावर घेतले. मात्र त्यांची मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. त्यांची नेमणूक कलकत्त्याला झाली. पाच वर्षे गेली होती. ती कोण भरून देणार?

त्यांनी उभारलेले काम मात्र थांबले नव्हते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा पाठवल्या गेल्या. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते युरोपात राहत होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान या शहरी त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुलांनो, स्वतःला सुई टोचून घेणे हे धैर्याचे काम आहे. पण केलेल्या चांगल्या कामाबद्दल दोष मिळाला, तरी न डगमगता खरे काय ते शांतपणे सिद्ध करणे, यासाठी त्याहून मोठे धैर्य लागते. हाफकिन यांच्यापाशी ही दोन्ही धैर्ये होती. कधी परळला गेलात, तर त्या इमारतीपुढे क्षणभर थांबा आणि तिच्यावरचे नाव वाचा.