मुसीला आवर घालणारा अभियंता

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने पात्र सोडले आणि हैदराबाद शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अफझल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाटचा पूल वाहून गेले; कुतुबशाही काळातील पुराना पूल तेवढा तगला. सुमारे पंधरा हजार माणसे या पुरात मृत्युमुखी पडली असे मानले जाते. नदीकाठच्या एका चिंचेच्या झाडाचा आश्रय घेऊन दीडशेच्या आसपास लोक वाचले. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील हे झाड पुढे त्या दिवसाची खूण बनून राहिले.

सहावे निझाम महबूब अली खान यांच्या सरकारने या संकटानंतर ज्यांना पाचारण केले, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा परदेश दौऱ्यावर होते. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील नोकरी सोडून त्यांना फार दिवस झाले नव्हते. म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा हा तरुण शिष्यवृत्तीच्या आधारावर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकला आणि १८८४ मध्ये नाशिकला सहायक अभियंता म्हणून रुजू झाला. धुळे परिसरात पांझरेच्या पाटासाठी सायफन, सक्करचा पाणीपुरवठा, एडनची सांडपाणी योजना अशी कामे त्यांच्या खात्यावर जमा होती. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे तर पुणेकरांच्या परिचयाचे. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. भिंत न वाढविता साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी उंचावली, ती या दरवाजांमुळे. (हेच खडकवासला धरण १२ जुलै १९६१ रोजी पानशेतपाठोपाठ फुटले, तेव्हा विश्वेश्वरय्या हयात होते.)

एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादेत दाखल झाले. पुराचे खापर एकट्या पावसावर फोडून मोकळे होणे सोपे होते. विश्वेश्वरय्यांनी मात्र शहराबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला पाहायला सुरुवात केली. मुसीच्या खोऱ्यात लहानमोठे ७८८ तलाव होते आणि अतिवृष्टीत त्यांपैकी २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर कोसळे, तोही फुटे. असे एकमेकांवर चढत गेलेले लोंढे शहरापाशी पोहोचले होते. महत्तम विसर्गाचा हिशेब सव्वाचार लाख घनफूट प्रतिसेकंद इतका निघाला. एवढे पाणी शहरातून सुखरूप जाऊ द्यायचे तर पात्र इतके रुंद करावे लागले असते, की जुन्या वस्तीचा मोठा भाग हलवावा लागता.

१ ऑक्टोबर १९०९ रोजी सादर केलेल्या अहवालात त्यांनी वेगळी वाट सुचविली. पूर शहरात शिरण्याआधीच अडवायचा आणि पात्राला सोसेल एवढेच पाणी खाली सोडायचे. त्यासाठी एक धरण मुसीवर, शहरापासून सुमारे साडेआठ मैलांवर आणि दुसरे तिच्या ईसी या उपनदीवर, सुमारे साडेसहा मैलांवर. जोडीला काठ उंच करणे, नदीलगत रस्ते व बागा आणि शहरासाठी भुयारी गटारे. नदी आणि गटार हे प्रश्न निराळे नाहीत, एवढी समज त्या काळी थोड्याच नगरांच्या कारभारात होती.

अहवाल देऊन ते म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून गेले, १९१२ मध्ये दिवाण झाले. कृष्णराजसागरची कथा सर्वश्रुत आहे. इकडे सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत उस्मानसागर १९२० मध्ये, तर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. दरम्यान १९२२ मध्ये गटार योजनेच्या कामासाठी विश्वेश्वरय्या पुन्हा हैदराबादेत आले होते. एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिन, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

दोन्ही जलाशयांकडे पुढे शहराचा पाणीपुरवठाही आला आणि इथेच एक पेच आहे. पूर रोखायचा तर तलावात जागा रिकामी हवी आणि तहान भागवायची तर तो भरलेला हवा. पावसाळ्याच्या अखेरीस, जेव्हा तलाव तुडुंब असतात, तेव्हाची अतिवृष्टी म्हणूनच अधिक घातक. १९०८ चा पूर सप्टेंबर अखेरचा होता. ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबाद पुन्हा जलमय झाले, तेव्हा हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले. शिवाय खोऱ्यातील जुन्या तलावांवर आणि नाल्यांवर दरम्यानच्या काळात वस्त्या उभ्या राहिल्या होत्या. १९०९ च्या हिशेबात त्या नव्हत्या. जलाशयांच्या पाणलोटातील बांधकामांवर १९९६ च्या सरकारी आदेशाने घातलेले निर्बंध तेलंगण सरकारने २०२२ मध्ये उठविण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याविरुद्धच्या आक्षेपांत विश्वेश्वरय्यांनी सुचविलेल्या या दोन तलावांचे भवितव्य हाच मुख्य मुद्दा होता.