रमाकांत देसाई : विसावा न मिळालेला द्रुतगती गोलंदाज

दुखापतग्रस्त प्रमुख गोलंदाजाला संघात ठेवावे की विश्रांती द्यावी, हा प्रश्न भारतीय क्रिकेटमध्ये वरचेवर उपस्थित होतो. गोलंदाज आणि निवड समितीचे अध्यक्ष अशा दोन्ही भूमिकांतून या प्रश्नाला सामोरे गेलेले क्रिकेटपटू म्हणून मुंबईच्या रमाकांत देसाई यांचे नाव घ्यावे लागेल.

देसाई यांचा जन्म २० जून १९३९ रोजी मुंबईत झाला. उंची सव्वापाच फुटांच्या आसपास, त्यामुळे 'टायनी' हे टोपणनाव त्यांना कायमचे चिकटले. १९५८-५९ च्या आपल्या पहिल्याच रणजी हंगामात त्यांनी ५० बळी घेतले आणि त्याच हंगामात वेस्ट इंडिजविरुद्ध दिल्ली येथे कसोटी पदार्पण केले. एकोणीस वर्षांच्या या युवकाने त्या एका डावात ४९ षटके टाकून १६९ धावांत ४ बळी मिळविले. द्रुतगती गोलंदाजाने एका डावात एवढी षटके टाकणे आज कोणताही संघ व्यवस्थापक मान्य करणार नाही.

त्या काळी भारतीय संघाची भिस्त फिरकीवर होती. नव्या चेंडूची लकाकी लवकरात लवकर घालवून तो फिरकी गोलंदाजांच्या हाती देणे, ही रूढ पद्धत होती. खऱ्या अर्थाने वेगवान म्हणावा असा गोलंदाज संघात बहुधा एकच, आणि तो म्हणजे देसाई. १९५९ मध्ये लॉर्ड्सवर त्यांनी ८९ धावांत ५ बळी घेतले, तर १९६०-६१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत २१ बळी. याच मालिकेत मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांनी ८५ धावा काढल्या आणि नाना जोशी यांच्यासमवेत नवव्या गड्यासाठी १४९ धावांची भागी केली. मात्र लहान चणीच्या या गोलंदाजावर पडणारा भार कमी झाला नाही. पर्यायी गोलंदाज तयार करण्याची जबाबदारी कोणीच उचलली नाही, असेच म्हणावे लागते.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये अशा वेळी व्यवहाराचा मार्ग असतो. सेंट लुई कार्डिनल्सचा विख्यात पिचर डिझी डीन १९३७ मध्ये जायबंदी झाला. पायाचे बोट पूर्ण बरे होण्याआधीच तो खेळू लागला, चेंडूफेकीची ढब बदलली आणि खांदा दुखावला. पुढच्याच वर्षी क्लबने त्याला शिकागो कब्सकडे धाडून त्याच्या बदल्यात १ लाख ८५ हजार डॉलर व तीन खेळाडू मिळविले. राष्ट्रीय संघाला अशी सोय नाही. त्याला खेळाडू ठेवावा तरी लागतो किंवा वगळावा तरी लागतो.

मार्च १९६५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध ५६ धावांत ६ बळी ही सर्वोत्तम कामगिरी करूनही देसाई पुढे काही काळ संघाबाहेर राहिले. १९६७-६८ च्या दौऱ्यासाठी त्यांना पुन्हा पाचारण करण्यात आले. फेब्रुवारी १९६८ मध्ये ड्युनेडिन येथे फलंदाजी करताना डिक मॉट्झ यांच्या चेंडूने त्यांचा जबडा मोडला. तरीही त्यांनी मैदान सोडले नाही. बिशनसिंग बेदी यांच्यासह अखेरच्या गड्यासाठी ५७ धावा जोडून ते ३२ धावांवर नाबाद राहिले. परदेशातील भारताचा पहिला कसोटी विजय तो हाच. देसाई यांची कसोटी कारकीर्द याच मालिकेत २८ सामने व ७४ बळींवर संपुष्टात आली.

पुढे ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. १९९७ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी निवडलेला कर्नाटकचा जवागल श्रीनाथ खांद्याच्या दुखापतीमुळे एकही सामना न खेळता मायदेशी परतला. त्याच्या जागी गेला तो हैदराबादचा फिरकी अष्टपैलू नोएल डेव्हिड, आणि या निवडीवर बरीच टीका झाली. श्रीनाथवर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये श्रीलंकेविरुद्ध तो कसोटी संघात परतला आणि पुढे २३६ कसोटी बळींपर्यंत पोहोचला. देसाई यांच्या पिढीतील गोलंदाजाला असा अवधी मिळणे अशक्यच होते.

२७ एप्रिल १९९८ रोजी हृदयविकाराने मुंबईत देसाई यांचे निधन झाले. त्यांचे वय ५८ वर्षांचे होते.